टाक्याच्या वर किती उरलंय

पहिल्या खेपेला, म्हणजे पहिल्या गरोदरपणात, सोनोग्राफीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, पाणी पीत बसा, लघवी लागली तरी जाऊ नका, अगदीच थांबवेनासं झालं की सांगा. दुसऱ्या खेपेला, दोन वर्षांनी, मी वेगळ्या सेंटरमध्ये गेले आणि सवयीने घरूनच लिटरभर पाणी पिऊन गेले, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आधी लघवी करून या. पूर्ण रिकामं झाल्याशिवाय मी मोजणार नाही."

मी का म्हणून विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी तिथल्या स्टुलावर तशीच बसून राहिले.

मूत्राशय भरलं की ते पुढून गर्भाच्या पिशवीच्या तोंडावर, म्हणजे गर्भाशयमुखावर दाबतं, तोंडाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि आतून उघडायला लागलेलं तोंडसुद्धा मिटलेलं, लांबच्या लांब दिसतं. त्यात पोटावरून बघायचं तर बाळाचं डोकं खाली आलेलं असलं की त्याची सावली पडते, कधी तोंड दिसतच नाही. म्हणून ते नीट मोजायचं तर लघवी करून, आतून प्रोब घालून, म्हणजे ज्याला टीव्हीएस म्हणतात तसंच मोजायचं. माझ्या पहिल्या बाळाच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, १८ आठवडे ४ दिवसांना, पोटावरून, टम्म फुगलेल्या मूत्राशयातून बघून तोंडाची लांबी लिहिली होती ३.६ सेंटिमीटर, नॉर्मल. त्यानंतर नवव्या दिवशी ते बाळ गेलं.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दरवर्षी जूनमध्ये अकरावीच्या पोरांना पहिलं प्रॅक्टिकल व्हर्निअर कॅलिपरचं असतं आणि दरवर्षी मी तेच सांगते की बाबांनो, यंत्र बरोबर असू शकतं, तुमचं वाचनही बरोबर असू शकतं, तरी माप चुकतं, कारण जे मापायचं तेच तुम्ही दाबून ठेवलेलं असतं, रबराचा तुकडा जबड्यात घट्ट आवळून त्याची जाडी सांगू नका. हे मी दहा वर्षं सांगत होते. आणि त्या दिवशी स्टुलावर बसल्या बसल्या कळलं की माझंच माप कुणीतरी दाबून घेतलं होतं. आता त्या दिवशी ते खरंच ३.६ असेलही आणि नऊ दिवसांत उघडलं असेल, असंही होतं म्हणे, फार भराभर होतं कधीकधी. पण नीट मोजलं असतं तर निदान मला ते कळलं असतं ना.

ते जाणं कसं होतं ते सांगते, कारण बायकांना वाटतं की काही होणार असेल तर पोटात दुखेल. मला दुखलं नाही. शनिवार होता, दुपारी कॉलेजातून आले, कंबर जरा जड वाटत होती, खाली काहीतरी उतरल्यासारखं, संडासला लागल्यासारखं वाटत होतं आणि पांढरं जायचं ते जरा गुलाबी गेलं. बस एवढंच. कळा म्हणाव्यात तशा नाहीतच. रात्री साडेआठला डॉक्टरांनी आतून बघितलं आणि त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पाणमोट खाली आलीय." पिशवीचं तोंड चार बोटं उघडलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. पहाटे झालं सगळं. मुलगा होता, तीनशे ग्रॅम भरला, नखंसुद्धा आलेली होती.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं "सर्व्हायकल इनकॉम्पिटन्स". इनकॉम्पिटंट हा शब्द आमच्याकडे कामचुकार किंवा अकार्यक्षम माणसाला वापरतात, आणि तो माझ्या शरीराच्या एका अवयवाला लावून माझ्याच हातात दिलेला होता, आणि मी तो कागद कितीतरी दिवस घडी उघडून वाचत बसायचे. आता डॉक्टर इनसफिशियन्सी म्हणतात, म्हणजे कमी पडणं. त्याने तरी बरं वाटतं का माहीत नाही पण निदान शिवी दिल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडे बायका सरळ म्हणतात "पिशवीचं तोंड सैल आहे", मला तेच सगळ्यात बरं वाटतं, त्यात कुणाचा दोष नाही, सैल आहे तर आवळायचं, संपलं.

आणि आवळायचं हे ज्याला सुचलं तो आमच्याच बाजूचा माणूस, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. टाका म्हणून ऐकलेलं होतं, शेजारच्या वहिनींना घातलेला, पण "शिरोडकर टाका" हे नाव डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आम्ही सावंतवाडीचे, शिरोडकर आडनावाची निम्मी माणसं ओळखीची. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या पाट्यावरून मान वर करून म्हणाल्या, "शिरोडकर म्हणजे आपल्या शिरोड्याचो? वेतोबाच्या बाजूचो?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत, "मगे बरोबर, तो राखतलो." आरवलीच्या वेतोबाला त्यांनी त्याच संध्याकाळी केळीचा घड बोलला.

मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आपल्या वेंगुर्ल्याच्या शिरोड्याचे नव्हेत, ते गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९ चा, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि जे. जे. हॉस्पिटलात काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की काही बायकांची मुलं चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान पुन्हा पुन्हा जातात आणि कितीही झोपवून ठेवा, कितीही हार्मोन द्या, काही फरक पडत नाही. म्हणजे दोष तोंडातच आहे. मग त्यांनी मांडीतल्या स्नायूवर एक पांढरं चिवट आवरण असतं त्याची पट्टी त्याच बाईच्या मांडीतून काढून, मूत्राशय जरा वर सरकवून, पिशवीच्या तोंडाला जितकं उंच जाता येईल तितक्या उंचीवर ती गुंडाळून बांधली. १९५५ मध्ये त्यांनी ते छापलं. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या इअन मॅक्डोनल्डने त्याहून सोपी रीत काढली, बटव्याची दोरी ओवतात तसा तोंडाभोवती धागा ओवून आवळायचा, आत कापाकापी नाही. जगभर आज हीच दोन नावं चालतात. शिरोडकरांना आधी पद्मभूषण आणि मग १९७१ ला, ते गेले त्याच वर्षी, पद्मविभूषण मिळालं.

मला यातली एक गोष्ट फार लागून राहिली. गरोदर बाईच्या पोटात ध्वनिलहरींनी बघायचा इअन डोनाल्ड यांचा तो ग्लासगोचा गाजलेला लेख १९५८ चा. म्हणजे शिरोडकरांनी टाका घालायला सुरुवात केली तेव्हा सोनोग्राफी नव्हतीच. बोटांनी तपासायचं, बाईचा आधीचा इतिहास ऐकायचा आणि ठरवायचं. आणि टाका घातल्यावर तो आत काय करतोय, धरून आहे की नाही, हे बाळंत होईपर्यंत कुणालाच दिसत नव्हतं. नुसत्या विश्वासावर पाच महिने. त्या बायकांचा विचार केला की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

नुसत्या इतिहासावरून टाका घालायचा तर तो बऱ्याच जणींना फुकट पडतो हेही खरं. १९९३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, १२९२ बायका, ज्यांना टाका घालावा की नाही अशी डॉक्टरांनाच शंका होती अशा, आणि त्यातून निघालं की २५ जणींना घातला तर एकीचं मूल ३३ आठवड्यांच्या आत जन्माला यायचं टळतं. बाकी २४ जणींचं एकतर तसंही नीट झालं असतं किंवा टाक्यानेही थांबलं नसतं. मग प्रश्न असा येतो की ती पंचविसावी कोण, ते आधी कसं ओळखायचं. ते ओळखायला टीव्हीएस आली. १९९६ मध्ये अमेरिकेत २९१५ बायकांचं चोविसाव्या आठवड्याला मोजलं तेव्हा सरासरी लांबी ३५ मिलिमीटर आली, आणि जसजशी लांबी कमी तसतसा लवकर बाळंत व्हायचा धोका वाढत गेलेला दिसला, एका पायरीवर अचानक नाही, उतारावर उतरल्यासारखा. आणि २००९ मध्ये ३०२ बायका, आधी एकदा लवकर झालेलं आणि आता लांबी २५ च्या खाली आलेली, अशांमध्ये निम्म्यांना टाका घातला तर त्यांची कमी बाळं गेली. सगळ्यात जास्त फायदा १५ च्या खाली असलेल्यांना. माझ्या डॉक्टरांनी हेच धरून ठरवलं की मला लगेच टाका घालायचा नाही, सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी मोजायचं आणि २५ च्या खाली गेलं की घालायचा. नवरा म्हणाला, "वाट कशाला बघायची, आत्ताच घाला ना." मलाही तेच वाटत होतं. पण त्या म्हणाल्या की टाका म्हणजे पण एक ऑपरेशनच, त्यात पाणमोट फुटायची, इन्फेक्शन व्हायची जोखीम असते, गरज दिसली तर एका दिवसात घालू. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आता त्या मोजण्याबद्दल सांगायचंय. दरवेळी आधी फॉर्म एफ भरायचा, मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून सही करायची, मग लघवी करून यायचं, गाऊन घालून झोपायचं. प्रोबवर कंडोम चढवून जेल लावलेलं असतं, थंड लागतं पण दुखत नाही. बाळ बघायला मिळेल म्हणून मी पहिल्यांदा स्क्रीनकडे मान वळवली तर बाळ त्या चौकटीत नव्हतंच. मॅडमनी चित्र एवढं मोठं केलं होतं की पडद्यावर नुसतं गर्भाशयमुख, डाव्या कोपऱ्यात बाळाच्या डोक्याची एक पांढरी कड आणि मधून आडवी जाणारी एक करडी रेघ, ती रेघ म्हणजे मिटलेली वाट. रेघेच्या या टोकाला एक क्रॉस, त्या टोकाला एक क्रॉस. त्या क्रॉसना पण कॅलिपरच म्हणतात हे ऐकून मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि मॅडम थांबायच्या. प्रोब आत ठेवून, अगदी हलका धरून, कारण प्रोबनेच दाबलं तर पुन्हा तीच भानगड, तोंड लांब दिसणार. दोन-तीन मिनिटं काही न बोलता नुसतं बघत राहायच्या कारण तोंड त्या तीन मिनिटांत बदलतं, मिटलेलं असतं ते उघडतं, पुन्हा मिटतं. मधेच पोटावर वरून हात ठेवून हळूच दाबायच्या आणि खाली काय होतं ते बघायच्या. बाहेर वीस बायका बसलेल्या असायच्या आणि तरी त्या तीन मिनिटं थांबायच्या. तीनदा मोजायच्या. मी विचारलं, सरासरी घेता ना? कारण आम्ही लॅबमध्ये तेच शिकवतो, तीन वाचनं, सरासरी. त्या म्हणाल्या, "नाही, सगळ्यात लहान असतं ते लिहायचं. सरासरीने बाळ राहत नाही, सगळ्यात कमी असतं तेव्हा जे होतं ते होतं." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

सोळाव्या आठवड्याला ३५. अठराव्याला २९. मग दर आठवड्याला या म्हणाल्या. एकोणिसाव्याला २२ आणि रेघेचं वरचं टोक उघडं पडलेलं, काळं, नरसाळ्यासारखं. रॉकेलचं नरसाळं असतं ना, वर रुंद खाली निमुळतं, अगदी तसं. मॅडमनी माझ्या फाइलच्या पाठीवर पेनने काढून दाखवलं, नीट मिटलेलं तोंड इंग्रजी टी सारखं दिसतं, मग वरून उघडायला लागतं तसं वाय, मग व्ही, आणि शेवटी यू. "तुमचं वाय आणि व्हीच्या मधे आहे. आजच डॉक्टरांना फोन करते." मी गेल्या वेळी याच आठवड्यात होते. फरक एवढाच की गेल्या वेळी कुणाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाका. मणक्यात इंजेक्शन, वीस मिनिटांचं काम, पाच मिलिमीटर रुंदीची मर्सिलीनची टेप, मॅक्डोनल्ड पद्धतीने. सासूबाईंना मी सांगितलं की हा शिरोडकर नाही, दुसरा आहे, तर त्यांचा चेहरा पडला आणि मग त्यांनी स्वतःच समजूत काढली की बांधायचं त्यानेच शिकवलं ना आधी. तेही बरोबरच आहे. त्यांनी पलंगाच्या पायथ्याला विटा लावून ठेवल्या होत्या, पाय उंच राहावेत म्हणून, आणि बाळंत होईपर्यंत उठायचं नाही असं बजावलेलं. डॉक्टर म्हणाल्या विटा काढा. पडून राहिल्याने बाळ टिकतं असं कुठेच दिसलेलं नाही, उलट पायात रक्त गोठायची भीती, अंग खचतं, मन खचतं. जड उचलू नका, संबंध नको, रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी आतून ठेवा, बाकी घरात वावरा. माझ्यासाठी सगळ्यात कठीण सूचना ही होती, कारण पडून राहिलं की निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

टाका घातला म्हणजे आता झालं, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, आणि मीही.

विसाव्या आठवड्याला पहिल्यांदा मी तो टाका बघितला. करड्या पडद्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके, एक वरच्या ओठात एक खालच्या ओठात, आणि दोघांच्या मागे काळी सावली, टेपच्या मागे लहर पोचत नाही म्हणून. गोल बांगडी मधोमध कापून बाजूने बघितली तर दोनच तोंडं दिसतील तसं. मॅडम आता एक नाही, तीन-चार मापं घेत होत्या, एकूण मिटलेली लांबी, टाक्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंत किती, टाक्याच्या वर मिटलेलं किती, आणि नरसाळं आहे का. एकूण ३०, म्हणजे टाक्याने लांबी वाढली होती, मी तर हरखूनच गेले. पण त्या म्हणाल्या, "एकूण आकड्याकडे तुम्ही बघू नका. मला टाक्याच्या वर किती उरलंय ते हवंय. ते १३ आहे." टाका जितका वर बसेल तितका बरा, आणि त्याच्या वर मिटलेला भाग आहे तोवर टाक्यावर भार पडत नाही, तो नुसता राखणदार असतो. नरसाळं टाक्याला येऊन टेकलं की मग खरं ओझं टाक्यावर.

बावीस आठवडे, टाक्याच्या वर ९. चोवीस आठवडे, ५. मी एका वहीत ग्राफ काढत होते, एक्स अक्षावर आठवडे, वाय अक्षावर मिलिमीटर, आणि रेघ पुढे वाढवून शून्य कधी येईल ते बघत होते, जे करू नये ते मी करत होते. नवऱ्याने एकदा ती वही लपवली, मग परत आणून दिली.

चोविसाव्या आठवड्याला मी डॉक्टरांवर चिडले. मी म्हटलं, हे मोजून आपण करतोय काय? दुसरा टाका घालणार नाही म्हणता, झोपून राहू नको म्हणता, मग दर पंधरा दिवसांनी मला हा आकडा कशाला दाखवता? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. टाका घातल्यावर पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करायची गरज नाही असंच अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. ब्रिटनवाले पण म्हणतात सरसकट करू नका. पण ते पुढे हेही म्हणतात की काही जणींना उपयोग होतो, बाळाच्या फुफ्फुसांसाठीचं इंजेक्शन कधी द्यायचं आणि बाईला मोठ्या हॉस्पिटलात कधी हलवायचं ते ठरवायला." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही राहता कुठे? सव्वीस आठवड्यांचं बाळ रात्री दोनला झालं तर इथे मी काय करू?"

हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजलं. ज्यांच्या खालच्या मजल्यावर नवजात बाळांचं आयसीयू आहे त्यांना टाक्याच्या वर किती उरलंय हे कळून फारसं काही बदलत नसेल. पण आमच्याकडून गंभीर पेशंट निघाला की गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल नाहीतर कोल्हापूर, पावसात घाट, हायवेवर कंटेनर, आणि तेवढं लहान बाळ अॅम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं कितीतरी सुरक्षित, याहून चांगलं इन्क्युबेटर कुणी बनवलेलं नाही. तो आकडा माझा टाका घट्ट करत नव्हता. तो मला सांगत होता की कुठल्या गावात असायला हवं. सोनोग्राफीने टाक्याचं काम कसं चाललंय ते बघायचं म्हणजे माझ्या मते हेच, आणि हे सावंतवाडीतल्या बाईला जेवढं लागू आहे तेवढंच गडचिरोलीतल्या आणि नंदुरबारमधल्या बाईलाही, किंबहुना जास्त, आणि तिला हे कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. टाका घालून घरी पाठवतात आणि नवव्या महिन्यात काढायला या म्हणतात.

सव्वीस आठवडे. पडद्यावर काळं नरसाळं सरळ खाली आलं होतं आणि त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांना टेकून थांबलं होतं. टाक्याच्या वर शून्य. टाक्याखाली १५ मिटलेलं. मॅडमनी पोटावर हात ठेवला, हलकेच दाबलं, आम्ही दोघी बघत होतो, पाणी त्या ठिपक्यांशी येऊन थटलं, दोघांच्या मधून एक बारीक टोक पुढे येईल असं वाटलं आणि आलं नाही. पुन्हा दाबलं. नाही आलं. त्या हळूच म्हणाल्या, "धरलंय." मला रडूच आलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही पर्वरीला मावशीकडे राहायला गेलो, पूल ओलांडला की पणजी, हॉस्पिटल वीस मिनिटांवर. इंजेक्शन मात्र लगेच दिलं नाही, कारण त्याचा जोर पहिल्या आठवड्यात जास्त असतो, उगाच आधी देऊन टाकलं तर हवं तेव्हा उपयोग कमी. एकोणतिसाव्या आठवड्यात एका रात्री पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं, तेव्हा ॲडमिट करून दोन इंजेक्शनं दिली, चोवीस तासांच्या अंतराने. कळा थांबल्या. त्याआधीच, अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर, तिथल्या डॉक्टर म्हणाल्या होत्या की आता मोजणं बंद, इथून पुढे तोंड आपोआप आखूड होतंच, आकड्याचा उपयोग नाही. मला ते ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण मी दोन रात्री झोपले नाही. मोजायला काही उरलं नाही की माणूस किती एकटा पडतो ते मला त्या दोन रात्रीत कळलं. मग मावशीने मला तिच्या बाळंतविड्याच्या कामाला लावलं, कुंच्या, दुपटी, लंगोट, आणि मी प्रत्येक दुपट्याची लांबी-रुंदी टेपने मोजून शिवत बसले.

चौतीस आठवडे दोन दिवसांना सकाळी पाणी गेलं. टेबलावर घेऊन डॉक्टरांनी आधी टाका काढला, भूल नाही काही नाही, जरा ओढल्यासारखं झालं आणि कात्रीचा एक आवाज. पाच तासांनी मुलगी झाली, दोन किलो पन्नास ग्रॅम, रडली. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती, आता तिला पाचवं लागेल. सासूबाई आरवलीला घड वाहून आल्या आणि घरी येताना गोव्यातलं शिरोडं इथून किती लांब म्हणून विचारत होत्या.

सोनोग्राफीच्या त्या प्रिंट फिक्या पडत चालल्यात, थर्मल कागद असतो, उन्हात नाही ठेवल्या तरी पुसटतातच. सव्वीस आठवड्यांची तर जवळजवळ कोरी झालीय, ते दोन ठिपके मला दिसतात, कारण मला माहीत आहे ते कुठे आहेत.

टाका काढला त्या क्षणाचं मात्र मला सगळं स्वच्छ आठवतं. किडनी ट्रेमध्ये टेप पडली होती, एका जागी कापलेली, गाठ तशीच, पांढरी म्हणून घातलेली ती करडी-तपकिरी झालेली, आणि तेवढी कापलेली असून वळण तसंच धरून होती, जवळजवळ गोल, माझ्या करंगळीच्या बोटात अंगठीसारखी बसली असती एवढीच. सिस्टरने ट्रे उचलला आणि विचारलं, फेकू ना? मी म्हटलं, एक मिनिट थांबा.